लहान जहाजाची सफर : कोणी करावी, कुठे करावी

गेल्या अंकात समुद्रपर्यटनाविषयी लिहिताना शंभर-दीडशे किंवा त्याहूनही कमी प्रवासी नेणाऱ्या लहान जहाजांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त आहोत. भूमध्य समुद्रात एका मोठ्या जहाजावर आठवडाभर राहून आलो. नाट्यगृह, तरणतलाव, अनेक उपाहारगृहे अशी सगळी सोय उत्तम होती. आता मुलगा म्हणतो, की पुढची सफर लहान जहाजाची करा. चौकशी केली तेव्हा भाडे जवळजवळ तिप्पट आणि जहाजावर यांपैकी काहीच नाही, असे कळले. जास्त पैसे देऊन कमी सोयी कशासाठी घ्यायच्या? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही मांडलेला हिशेब जहाजाच्या आत काय मिळते याचा आहे आणि त्या हिशेबात मोठे जहाज नेहमीच सरस ठरणार. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आणि वीस मजली आहे. सर्व जागा भरल्या तर त्यावर ७,६०० प्रवासी राहू शकतात आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. एवढ्या माणसांची करमणूक, खाणेपिणे आणि फिरणे जहाजावरच व्हावे, अशीच त्याची रचना आहे. तिथे सुट्टीचे ठिकाण म्हणजे ते जहाजच असते आणि वाटेतली बंदरे त्याला जोडून येतात. लहान जहाजाचे भाडे ज्या गोष्टीसाठी द्यायचे, ती गोष्ट जहाजाबाहेर असते. म्हणून तुलना दोन जहाजांची न करता ती दोन जहाजे तुम्हाला कुठे नेऊन उभी करतात, याची करावी.

तुम्ही पाहिलेल्या भूमध्य समुद्राचेच उदाहरण घेऊ. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरील पाण्यातून आणि जुदेक्का कालव्यातून जाण्यास मनाई केली. ग्रीसमधील कोरिंथचा कालवा १८९३ मध्ये खुला झाला. तो ६.४ किलोमीटर लांब असून तळाशी त्याची रुंदी जेमतेम २१ मीटर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या उभ्या चुनखडीच्या कड्यांमधून जाण्याचा अनुभव केवळ लहान जहाजालाच मिळतो. मोठ्या जहाजाला संपूर्ण पेलोपोनीस द्वीपकल्पाला वळसा घालावा लागतो. दरडी कोसळल्यामुळे हा कालवा अधूनमधून बंद ठेवला जातो, तेव्हा नोंदणीपूर्वी तेवढी चौकशी करावी.

मात्र तुमच्यासाठी मी क्रोएशियाचा दाल्मेशियन किनारा सुचवेन. स्प्लिट ते दुब्रोव्निक या मार्गावर तीस-चाळीस प्रवाशांची स्थानिक जहाजे आठवड्याच्या फेऱ्या करतात. ती ह्वार, कोर्चुला, म्ल्येत अशा बेटांवर गावाच्या धक्क्यालाच लागतात, दुपारी एखाद्या निवाऱ्याच्या खाडीत पोहण्यासाठी थांबतात आणि रात्री बहुधा बंदरातच मुक्काम करतात. भाड्यात न्याहारी व दुपारचे जेवण असते आणि रात्री प्रवासी गावातल्या खानावळीत जेवतात. मोठ्या जहाजाचे प्रवासी दुब्रोव्निकच्या तटबंदीत सकाळी शिरतात आणि संध्याकाळी जहाज सुटण्याआधी परततात, त्यामुळे शहराची सर्वांत गर्दीची वेळच त्यांच्या वाट्याला येते. धक्क्यावर मुक्काम असलेल्या माणसाला तेच शहर रात्री नऊ वाजता, दगडी फरसबंदीवर स्थानिक कुटुंबे फेरफटका मारत असताना पाहायला मिळते. हा फरक जहाजावरील कोणत्याही सोयीने भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून युरोपातील एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन क्षेत्रात असल्याने तुम्हाला वेगळ्या व्हिसाची खटपटही करावी लागणार नाही.

भाड्याविषयी एवढेच सांगतो, की मोठ्या जहाजावर किनाऱ्यावरील सहली, पेये, इंटरनेट आणि काही उपाहारगृहे यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. दूरच्या प्रदेशांत जाणाऱ्या लहान जहाजांच्या भाड्यात मात्र मार्गदर्शक आणि सहली बहुधा धरलेल्या असतात. त्यामुळे तिप्पट दिसणारे अंतर प्रत्यक्षात कमी होते. ते पूर्णपणे मिटत मात्र नाही, कारण कप्तान, यंत्रकक्ष आणि इंधन यांचा खर्च थोड्याच माणसांत वाटला जातो. जेवणानंतर रोज काही कार्यक्रम हवाच, असे तुम्हा दोघांना वाटत असेल, तर मुलाचे न ऐकता पुन्हा मोठ्या जहाजाने जावे. त्यात काहीच गैर नाही.

प्रश्न : मला पक्षिनिरीक्षणाची आवड आहे आणि गालापागोसला जाण्यासाठी गेली काही वर्षे पैसे साठवत आहे. एका प्रवासी कंपनीने सांता क्रूझ बेटावरील हॉटेलात राहून रोज बोटीने आसपासची बेटे पाहण्याचा स्वस्त पर्याय सुचवला आहे. जहाजावरच राहिल्याने खरोखर फरक पडतो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पडतो, आणि गालापागोसमध्ये पडतो तितका क्वचितच दुसरीकडे कुठे पडत असेल. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला असलेल्या या द्वीपसमूहाची ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते. उद्यान १९५९ मध्ये स्थापन झाले. इथे जहाज लहान असणे हा प्रवाशाच्या आवडीचा भाग राहिलेला नाही. तो नियमच आहे. मुक्कामी सफरीच्या कोणत्याही जहाजावर शंभरांहून अधिक प्रवासी नसतात आणि कित्येक जहाजांवर तर सोळाच असतात. किनाऱ्यावर उतरताना परवानाधारक निसर्गमार्गदर्शक सोबत असावाच लागतो आणि त्याच्या गटात सोळापेक्षा जास्त माणसे नसतात. जहाजाने कोणत्या दिवशी कोणत्या ठिकाणी नांगर टाकायचा, हे उद्यान ठरवून देते आणि एकाच जहाजाला त्याच जागी सुमारे दोन आठवडे परत येता येत नाही. पायवाटा आखलेल्या आहेत आणि प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखावे लागते. प्राणी स्वतः मात्र हे अंतर पाळत नाहीत. बंदरातल्या बाकांवर समुद्रसिंह झोपलेले असतात आणि निळ्या पायांचे बूबी पक्षी पायवाटेच्या कडेलाच अंडी घालतात.

हॉटेलात राहणाऱ्याची अडचण अंतराची आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, एवढ्याच टप्प्यातली बेटे त्याला पाहता येतात आणि तिथे तो पोहोचतो तेव्हा ऊन चढलेले असते. जहाज रात्री प्रवास करते आणि पहाटे तुम्हाला त्या बेटासमोर आणून ठेवते. पक्ष्यांच्या दृष्टीने हा सकाळचा तास किती मोलाचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. उडता न येणारा पाणकावळा जगात केवळ फर्नांदिना आणि इसाबेला या बेटांच्या किनाऱ्यांवर आढळतो. लाल पायांच्या बूबींसाठी प्रसिद्ध असलेले हेनोवेसा बेट उत्तरेला दूर आहे. या पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भागांत नीट फिरायचे, तर मुक्काम पाण्यावरच हवा. एकच सफर या सर्व बेटांना क्वचितच जाते, म्हणून जहाज निवडण्याआधी मार्ग निवडावा. पश्चिमेचा मार्ग घेतलात तर पाणकावळे, पेंग्विन आणि हजारोंनी पहुडलेले समुद्री इग्वाना पाहायला मिळतील, तर दक्षिणेच्या मार्गावर एस्पान्योला बेट आणि तिथला अल्बट्रॉस.

ऋतूविषयी सांगायचे, तर डिसेंबर ते मे या काळात हवा उबदार आणि समुद्र शांत असतो. जून ते नोव्हेंबर या महिन्यांत हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी थंड होते, धुके असते आणि जहाज जास्त हलते. पण त्याच पाण्यात मासळी विपुल असल्याने सागरी पक्ष्यांची वर्दळही वाढते. लहरी पंखनक्षीचा अल्बट्रॉस जवळजवळ केवळ एस्पान्योलावरच घरटे करतो आणि एप्रिल ते डिसेंबर तिथे असतो. शांत समुद्र आणि अल्बट्रॉस हे दोन्ही हवे असतील, तर एप्रिलचा शेवट किंवा मे महिना हाच काळ मी निवडेन.

खर्चात १ ऑगस्ट २०२४ पासून प्रौढ परदेशी पर्यटकासाठी असलेले २०० डॉलर उद्यानशुल्क आणि मुख्य भूमीवरून निघताना घ्यायचे प्रवास-नियंत्रण कार्ड धरावे. भारतीय पारपत्रावर इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : इक्वेडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

प्रश्न : मला घाटातसुद्धा गाडी लागते. लहान जहाजावर बोट लागण्याचा त्रास जास्त होतो का? शिवाय जहाज लहान म्हणजे धोका जास्त, हे खरे आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ होकारार्थी आहे. मोठे जहाज एकाच वेळी अनेक लाटांवर टेकलेले असते आणि लहान जहाज प्रत्येक लाटेबरोबर वर-खाली होते. पण लहान जहाजांचे बरेच मार्ग असे आहेत, की तिथे लाटाच फारशा नसतात. नदीवर हा त्रास जवळजवळ होत नाही. दाल्मेशियन किनारा, नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्या) आणि अलास्काचा अंतर्गत जलमार्ग हे बेटांनी किंवा डोंगरांनी अडवलेले पाणी आहे. गालापागोस मध्यम म्हणता येईल. अंटार्क्टिकाच्या वाटेवरील सुमारे ८०० किलोमीटर रुंदीची ड्रेक सामुद्रधुनी मात्र तुमच्यासाठी नाही. तिथे वाऱ्याला आणि लाटांना अडवणारी जमीनच नाही आणि ती पार करायला जाताना-येताना दोन-दोन दिवस लागतात. काही कंपन्या चिलीतील पुंता अरेनासहून विमानाने दक्षिण शेटलंड बेटांवर नेतात आणि तिथून पुढे जहाज देतात. जायचेच असेल तर तो पर्याय पाहावा.

केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागी असलेली मागावी, कारण हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. वरच्या मजल्यावरील मोठ्या खिडकीची केबिन महाग असली, तरी ती जास्त डुलते. औषध त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यायचे असते. ते कोणते आणि किती हे तुमच्या डॉक्टरांना विचारावे, कारण यांतल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते आणि रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना काही गोळ्या चालत नाहीत.

धोक्याचा संबंध आकारापेक्षा जहाज कोणत्या पाण्यासाठी बांधले आहे आणि मदत किती जवळ आहे, यांच्याशी अधिक असतो. पर्यटकांच्या ध्रुवीय सफरींसाठी १९६९ मध्ये बांधलेले ‘एक्स्प्लोरर’ हे छोटे जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बर्फाला धडकून बुडाले, पण त्यावरील सर्व १५४ माणसे वाचली. ती आधी जीवरक्षक होड्यांत उतरली आणि काही तासांत दुसरे प्रवासी जहाज मदतीला पोहोचले. बर्फाच्या प्रदेशात जाताना जहाजाची बर्फात चालण्याची श्रेणी कोणती आहे, हे अवश्य विचारावे. चांगली कंपनी त्याचे उत्तर लगेच देते.

प्रश्न : मी अमेरिकेत सिॲटलजवळ राहते. उन्हाळ्यात माझे आईबाबा भारतातून येणार आहेत. वये ७१ आणि ६७. त्यांना अलास्का दाखवायचे आहे. लहान जहाज घ्यावे की सिॲटलहून निघणारे मोठे? – एक वाचक

उत्तर : तुमच्या बाबतीत निवडीला एक कायदेशीर बाजू आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेतील १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला परदेशी बंदरात न थांबता केवळ अमेरिकी बंदरांची सफर घडवता येत नाही. मोठी पर्यटन जहाजे बहुतेक परदेशी ध्वजाखालीच असतात, त्यामुळे सिॲटलहून निघणारे जहाज कॅनडातील व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागतेच. आईबाबा भारतीय पारपत्रावर येत असतील, तर त्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा असावा लागेल. याउलट ज्यूनो, सिटका किंवा केचिकनहून निघून अलास्कातच संपणाऱ्या सफरी करणारी, अमेरिकी ध्वजाची वीस ते शंभर प्रवाशांची जहाजे आहेत. त्यांना परदेशी बंदराची अट नाही. ज्यूनोला रस्ता जात नाही, पण सिॲटलहून थेट विमान आहे.

आता प्रत्यक्ष अनुभवाचे पाहू. मोठ्या जहाजाचे वेळापत्रक बंदरातील जागेवर बांधलेले असते, त्यामुळे वाटेत देवमासे दिसले तरी ते पुढे निघून जाते. लहान जहाजाचा कप्तान इंजिन मंद करतो, नियमाप्रमाणे सुमारे ९० मीटर अंतर राखतो आणि कुबडधारी देवमासे बुडबुड्यांचे कडे करून मासळी घेरत असतील, तर अर्धा-पाऊण तास तिथेच थांबतो. रात्री जहाज एखाद्या निर्मनुष्य खाडीत नांगर टाकते. पहाटे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर शिंपले उकरणारे अस्वल डेकवरूनच दिसू शकते. हिमनदीच्या तोंडाशी रबरी होडीतून जाताना तुटणाऱ्या बर्फाचा आवाज अंगावर येतो. तो पंधराव्या मजल्यावरून ऐकण्यात आणि पाण्याच्या पातळीवरून ऐकण्यात फार मोठे अंतर आहे.

आईबाबांच्या वयामुळे मात्र मी थोडा थांबून विचार करायला सांगेन. बहुतेक लहान जहाजांवर लिफ्ट नसते आणि जिने उभे असतात. शिवाय रोज एक-दोनदा डगमगत्या होडीत पाऊल टाकावे लागते. बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा आनंद त्रासात बदलेल. डॉक्टरांचीही चौकशी करा. ‘सागरी कामगार करार, २००६’ नुसार, शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजावरच डॉक्टर असणे बंधनकारक आहे, त्यामुळे लहान जहाजावर डॉक्टर गृहीत धरू नये. हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेण्याचा खर्च भरून देणारा विमा नसेल तर सफर ठरवूच नये. दोघेही सिंहगड चढून येणाऱ्यांपैकी असतील, तर निःशंकपणे लहान जहाज घ्या, मे किंवा जून निवडा आणि उत्तम प्रतीचे रेनकोट सोबत ठेवा. तसे नसेल, तर मोठ्या जहाजाने जाऊन ज्यूनोमध्ये देवमासे दाखवणाऱ्या छोट्या बोटीची अर्ध्या दिवसाची सहल करावी. ती तडजोडही समाधान देणारी आहे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कांदा-लसूणही चालत नाही. अशा जहाजावर आमचे कसे होणार? – एक वाचक, सांगली

उत्तर : जहाज लहान असल्यामुळे स्वयंपाकी प्रत्येक प्रवाशाला ओळखतो, ही जमेची बाजू आहे. पण सामान बंदरातून एकदाच भरले जाते आणि मध्ये दुकान नसते, म्हणून कळवणे वेळेवर व्हायला हवे. नोंदणी करतानाच आणि पुन्हा निघण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवा. नुसते ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. मांस, मासे, अंडी, मांसाचा अर्क, जिलेटिन, कांदा, लसूण आणि कंदमुळे चालत नाहीत, असे एकेक नाव लिहावे आणि काय चालते तेही लिहावे : भात, डाळी, चीज, दूध, टोमॅटो, कोबी. सोबत खाखरे, मेतकूट आणि कोरड्या चटण्या सीलबंद न्याव्यात, परंतु कोणत्या देशात काय नेता येते ते आधी पाहावे. गालापागोसला जाताना सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते आणि ताजी फळे, बियाणे काढून घेतले जाते, तर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर कोणतेच खाद्य उतरवता येत नाही.

प्रश्न : मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. लहान जहाज चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आणखी तीन-चार वर्षे थांबा. मुलांसाठी वेगळी जागा, तरणतलाव आणि सोबतीला इतर मुले या वयात आवश्यक असतात आणि ती मोठ्या जहाजावर मिळतात. कित्येक लहान जहाजांवर किमान वयाची अटही असते.

प्रश्न : मी एकटीच प्रवास करते, वय ५८. मोठ्या जहाजावर हजारो माणसांत फार एकटे वाटले. इथे वेगळे असेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नक्कीच वेगळे असेल. लहान जहाजावर जेवणाची एकच वेळ असते, टेबले सामाईक असतात आणि सकाळी ज्यांच्याबरोबर होडीत बसलात तीच माणसे रात्री समोर असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून नावाने ओळख होते. कप्तानाच्या कक्षातही बऱ्याच जहाजांवर प्रवाशांना जाऊ देतात आणि नकाशा समजावून सांगतात. मात्र एखाद्या सहप्रवाशाशी पटले नाही, तर त्याला टाळायला जागा नसते. दोघांच्या केबिनमध्ये एकट्याने राहण्याचा अधिभार बराच असतो, म्हणून एकट्यासाठीच्या केबिन आहेत का, किंवा दुसऱ्या स्त्री-प्रवाशाबरोबर केबिन वाटून घेता येईल का, हे आधी विचारावे.

प्रश्न : लहान जहाज पर्यावरणाला कमी हानी पोहोचवते, असे जाहिरातींत म्हटलेले असते. हे खरे आहे का? – एक शिक्षक, मुंबई

उत्तर : अर्धे खरे आहे. इंधनाचा विचार केला तर माणशी हिशेबात लहान जहाज सरस ठरेलच असे नाही. पुष्कळदा ते मागेच पडते, कारण इंजिनाचा भार थोड्या माणसांत वाटला जातो. शिवाय त्या जहाजापर्यंत पोहोचण्यासाठी आपण अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडतो, ते वेगळेच. नॉर्वेने आपल्या जागतिक वारसा फ्योर्डमध्ये शून्य उत्सर्जनाची अट १ जानेवारी २०२६ पासून दहा हजार टनांखालील प्रवासी जहाजांना आधी लागू केली आणि मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत दिली. लहान असणे म्हणजे आपोआप स्वच्छ असणे नव्हे, हे त्या सरकारनेही मानलेले दिसते.

ज्या ठिकाणी आपण जातो त्या ठिकाणावर पडणारा भार मात्र लहान जहाजाने निश्चितच हलका होतो. ज्यूनो शहराची लोकसंख्या सुमारे बत्तीस हजार आहे आणि २०२३ च्या एका हंगामात तिथे सोळा लाखांहून अधिक जहाजप्रवासी उतरले. अखेर २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याचा करार शहराला करावा लागला. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर या गावाने २०२२ मध्ये मतदान करून दिवसाला एक हजार प्रवाशांची मर्यादा घातली. नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित क्षेत्रांत २०२५ पासून दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही. अंटार्क्टिकात पाचशेपेक्षा जास्त प्रवाशांचे जहाज माणसे किनाऱ्यावर उतरवू शकत नाही आणि एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसे उतरतात. तिथे चारशे प्रवाशांचे जहाज घेतले, तर किनाऱ्यावर जाण्यासाठी तासन्‌तास पाळीची वाट पाहावी लागते. शंभरांखालच्या जहाजावर ही वाट पाहावी लागत नाही.

जाहिरातीतील विशेषणांपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात : जहाज कोणते इंधन वापरते, सांडपाण्यावर प्रक्रिया कुठे होते आणि स्थानिक माणसे जहाजावर व किनाऱ्यावर कोणत्या कामांवर आहेत.

प्रश्न : आमच्या कोकण किनाऱ्यावर अशी लहान जहाजे का नाहीत? परदेशातल्या खाड्यांची वर्णने वाचून वाईट वाटते. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमची खंत मला मनापासून पटते. लहान जहाजाला जे जे हवे ते आपल्या किनाऱ्यावर आहे. दाभोळला वाशिष्ठीची, जयगडला शास्त्रीची आणि विजयदुर्गला वाघोटनची खाडी आत शिरते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच पाण्यावर उभे आहेत आणि ते समुद्राच्या बाजूनेच पाहावेत असे बांधलेले आहेत. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी पाण्यातून येणाऱ्याला जशी दिसते, तशी रस्त्याने येणाऱ्याला दिसतच नाही. वेळासला फेब्रुवारीपासून कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटींतून पडावात उतरून किनाऱ्याला लागलेली माणसे अजून आपल्यात आहेत. आज परदेशात लोक पैसे मोजून रबरी होडीतून उतरतात, त्याचेच ते साधे रूप होते.

अडचणी खऱ्या आहेत. जून ते सप्टेंबर समुद्र बंद असतो, म्हणजे जहाजाला वर्षाचा खर्च आठ महिन्यांत काढावा लागतो. खाड्यांच्या मुखाशी गाळ साचला आहे. भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के मोजकेच आहेत आणि किल्ल्यांपाशी शंभर माणसांना सुरक्षित उतरवण्याची सोय नाही. मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘आंग्रिया’ फार काळ चालली नाही. ती रात्रीत मुंबईहून गोवा गाठत असे, मधला किनारा अंधारात मागे जाई. माझ्या मते कोकणाला पन्नास-साठ प्रवाशांचे, उथळ पाण्यात चालणारे आणि रोज एका खाडीत मुक्काम करणारे जहाज हवे. त्याच्यासाठी आधी धक्के आणि गाळ काढण्याचे काम व्हायला हवे.

देशातच हा अनुभव घ्यायचा असेल, तर सध्या आसाममधील ब्रह्मपुत्रेवर घेता येतो. तिथे जेमतेम काही डझन प्रवाशांची सपाट तळाची जहाजे ऑक्टोबर ते एप्रिल चालतात, काझीरंगा आणि माजुली बेट दाखवतात आणि कित्येकदा धक्क्याऐवजी वाळूच्या बेटालाच दोर बांधून रात्र काढतात. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ची ५१ दिवसांची, सुमारे ३,२०० किलोमीटरची सफर ३६ प्रवाशांसाठी आखलेली होती, पण तिच्या तुलनेत आठवड्याची ब्रह्मपुत्रा सफर खिशाला आणि सवडीला झेपणारी आहे. या नदीचे पात्र दर वर्षी बदलते, म्हणून नोंदणी करण्यापूर्वी यंदा जहाज कुठून निघणार, कुठवर जाणार आणि पाणी कमी पडल्यास उरलेला टप्पा कसा पार करणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.